वाक्प्रचारातील रिकामी जागा

'राम मेड अप वन्स माइंड.' सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी दहावीच्या इंग्रजीच्या वह्या चाळल्या, तर हे वाक्य किंवा त्याचे एखादे भावंड हमखास सापडते. रामाच्या जागी कधी सीता येते, कधी 'माय फादर' येतो. 'वन्स' मात्र जागचा हलत नाही. मंडळाच्या कृतिपत्रिकेत एखादा वाक्प्रचार देऊन त्याचा अर्थपूर्ण वाक्यात उपयोग करावयास सांगतात. त्यासाठी गाइडमधील यादी वर्षभर घोकलेली असते : डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ. 'मेक अप वन्स माइंड' म्हणजे निश्चय करणे, हे मुलाला बरोबर ठाऊक असते. रामाने निश्चय केला, हेही त्याला बरोबर सांगावयाचे असते. तरीही शिक्षकांची लाल रेघ वाक्याखाली येतेच.

प्रश्न थोड्याच गुणांचा असतो, आणि तेवढ्यावर कोणाचे वर्ष बुडत नाही. नुकसान होते ते निराळे. अर्थ पाठ असूनही वाक्य का चुकले, हे त्या मुलाला कोणी उलगडून सांगत नाही. तो आपल्यापुरता निष्कर्ष काढतो की वाक्प्रचार हे शहरातल्या, इंग्रजी माध्यमाच्या मुलांचे काम आहे. मग निबंधात तो सुरक्षित वाटेने जातो. ज्या मुलखात पावसाळ्यातले कित्येक आठवडे आभाळाकडे डोळे लावण्यात जातात, तिथल्या प्रत्येक निबंधात 'इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' असा पाऊस कोसळतो, कारण तेवढे एकच वाक्य कधी चुकलेले नसते. हीच भीती पुढे पदवीपर्यंत सोबत येते. दुकानाच्या गल्ल्यावर बसून दिवसभराचा हिशेब पैशाचीही चूक न करता जुळवणारा तरुण पुण्याच्या एखाद्या कंपनीला चार ओळींचा अर्ज लिहिताना अख्खी संध्याकाळ घालवतो आणि अखेरीस कोणाचा तरी जुना अर्ज उतरवून पाठवतो. त्याच्या बुद्धीत काही उणे नसते. उणे असते ते एका साध्या गोष्टीचे ज्ञान : वाक्प्रचारातील कोणता शब्द बदलावयाचा आणि कोणत्या शब्दाला हात लावावयाचा नाही.

व्यापारी घरांतील मुलांना ही गोष्ट बँकेच्या स्लिपवरून चटकन कळेल. पैसे भरण्याच्या स्लिपवर काही मजकूर छापलेला असतो आणि काही जागा रिकाम्या असतात. छापील मजकुरात खाडाखोड करावयाची नसते आणि रिकामी जागा तशीच सोडावयाची नसते. इंग्रजी वाक्प्रचाराची घडण अगदी अशी आहे. 'मेक अप वन्स माइंड' यातील 'अप' हा छापील मजकूर आहे; त्याच्या जागी 'डाउन' किंवा 'ऑन' चालणार नाही. 'मेक' हे क्रियापद काळाप्रमाणे फिरेल : 'मेक्स', 'मेड', 'हॅज मेड'. आणि 'वन्स' ही निव्वळ रिकामी जागा आहे. तो शब्द कोशकाराने 'येथे कर्त्याचे सर्वनाम लिहा' एवढ्याच अर्थाने छापलेला आहे. रामासाठी तेथे 'हिज' येईल, सीतेसाठी 'हर', स्वतःसाठी 'माय'. 'राम मेड अप वन्स माइंड' असे लिहिणारा मुलगा स्लिपवर आपले नाव लिहावयाच्या जागी 'खातेदाराचे नाव' असेच पुन्हा लिहून ठेवतो.

काही वाक्प्रचारांत 'वन्स'ऐवजी 'समवन्स' छापलेले असते. यादी पाठ करणाऱ्याला हा फरक दिसतही नाही, आणि फरक तर मोठा आहे. मराठी मुलाला तो समजावणे मुळीच कठीण नाही, कारण मराठीत 'आपला' आणि 'त्याचा' असा भेद आहेच. 'त्याने आपला शब्द मोडला' आणि 'त्याने त्याचा शब्द मोडला' या दोन वाक्यांतील दुसऱ्यात कोणाचा शब्द मोडला याविषयी शंका उरते, पहिल्यात उरत नाही. 'वन्स' म्हणजे मराठीतील 'आपला', म्हणजे कर्त्याचा स्वतःचा. 'समवन्स' म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी. एवढे सांगितले की निम्मे काम होते. उरलेले निम्मे असे की, मराठीतील 'आपला' मी, तू, तो, ती या सर्वांना एकच पुरतो. इंग्रजीला प्रत्येकासाठी निराळा शब्द लागतो.

याच ठिकाणी मराठीची सवय आड येते. मराठी माणूस शरीराच्या अवयवांविषयी बोलताना ते कोणाचे, हे सांगत बसत नाही. 'तिने नाक मुरडले' म्हटले की नाक तिचेच. 'आपले नाक मुरडले' असे कोणी म्हणत नाही. 'त्याने बाह्या सरसावल्या', 'आजोबांनी मान डोलावली', 'मुलाने जीभ चावली', सारे मालकीच्या उल्लेखाविना. इंग्रजी या बाबतीत तलाठ्यासारखी काटेकोर आहे. सातबाऱ्यावर नाव असल्याविना ती पुढे सरकत नाही. बाह्या सरसावणे हा वाक्प्रचार तिच्याकडेही जसाच्या तसा आहे, पण तेथे 'ही रोल्ड अप हिज स्लीव्ह्ज' असे बाह्यांच्या मालकासह सांगावे लागते. नाक मुरडण्याचेही तेच : 'शी टर्न्ड अप हर नोज अ‍ॅट द फूड.' मराठीतून विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्या मुलाच्या हातून हा 'हर' सुटतो, तो व्याकरण न शिकल्यामुळे नव्हे. त्याच्या मनात मराठीचे व्याकरण पक्के असते, म्हणून सुटतो.

वचनाचीही अशीच गंमत आहे. 'पाहुण्यांनी नाक मुरडले' असे मराठीत सहज म्हणतात, मग पाहुणे पाच असोत की पन्नास. इंग्रजीत पाच पाहुण्यांची नाके पाच : 'द गेस्ट्स टर्न्ड अप देअर नोजेस.' 'दे मेड अप देअर माइंड्स' यातही मने अनेक. पण हाच नियम घेऊन मुलगा 'दे लॉस्ट हार्ट्स' असे लिहू गेला की पुन्हा लाल रेघ, कारण 'लूज हार्ट' या वाक्प्रचारात 'हार्ट' हा छापील मजकूर आहे. एकाचे धैर्य खचो वा साऱ्या गावाचे, 'हार्ट' एकवचनीच राहते. त्यापूर्वी 'अ' येत नाही, 'द' येत नाही आणि 'हिज'ही येत नाही.

या 'लूज हार्ट'पाशी थोडे थांबावे लागते. अर्जात पुष्कळ तरुण लिहितात की पहिल्या प्रयत्नात अपयश आले तरी 'आय डिड नॉट लूज माय हार्ट'. लिहिणाऱ्याच्या मनात 'मी हाय खाल्ली नाही' असे असते. परंतु इंग्रजीत 'लूज वन्स हार्ट' म्हणजे कोणाच्या तरी प्रेमात पडणे. अपयश आले तरी प्रेमात पडलो नाही, अशी ग्वाही वाचून मुलाखत घेणारा गृहस्थ चकित झाला तर दोष त्याचा नव्हे. एका 'माय'ने वाक्याचा अर्थ पार बदलला. ज्यांना व्याकरण हा केवळ गुण कापण्याचा बहाणा वाटतो, त्यांनी या दोन वाक्प्रचारांकडे अवश्य पाहावे.

दोन भाषांत चित्र एकच आणि अर्थ वेगळा, असा प्रकार याहून फसवा. मराठीत 'पाय ओढणे' म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणे. इंग्रजीत 'पुल समवन्स लेग' म्हणजे गंमतीने फसवणे, थट्टा करणे. 'द जेलस नेबर्स पुल्ड हिज लेग्ज' हे वाक्य गावोगावच्या वह्यांत असते. त्यात दोन चुका एकमेकींच्या हातात हात घालून उभ्या आहेत. इंग्रजी थट्टेत एकाचा एकच पाय ओढतात, दोन नव्हे. आणि मत्सरी शेजाऱ्याला थट्टा करावयाची नव्हती. गाइडमधील यादीत मराठी अर्थ दिलेला असतो, पण डोळ्यांपुढे आलेले मराठी चित्र त्या अर्थाला बाजूला सारते. असे वाक्प्रचार यादीत निराळ्या खुणेने दाखवावेत, हे एखाद्या गाइडकाराला सुचावयास हवे होते.

आणखी एक वाक्य तर वृत्तान्तलेखनात कायमचे घर करून बसले आहे : 'द फंक्शन वॉज टेकन प्लेस.' हे आले कोठून, याचा शोध घेण्यास दूर जावयास नको. मराठी वृत्तपत्रांत कार्यक्रम नेहमी 'घेण्यात येतो'. त्या 'घेण्यात आला' याचे शब्दशः इंग्रजी 'वॉज टेकन', आणि शेजारी पाठ केलेला 'प्लेस' चिकटतो. वास्तविक 'टेक प्लेस' हे 'घेण्यात आला' याच्या जातीचे नाही, 'पार पडला' याच्या जातीचे आहे. पार पडण्याला कर्ता लागत नाही, म्हणून 'द फंक्शन टुक प्लेस' एवढेच पुरे. 'घेणे' सोडून 'पडणे' मनात आणले की ही चूक आपोआप थांबते.

सोनपेठच्या मुलाला हे सारे यादीतून शिकावे लागते, याला थोडा इतिहासही कारण आहे. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले आणि 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले, त्या काळी परभणीचा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथील कारभाराची भाषा उर्दू झाली, आणि 1918 साली हैदराबादला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. तोपर्यंत मराठवाड्यातील ज्या व्यापाऱ्याला कचेरीत काम पडे, त्याची दुसरी भाषा उर्दू असे. त्या पिढीने उर्दूचे वाक्प्रचार कधी यादीतून पाठ केले नाहीत. बाजारात, कचेरीत, वकिलाच्या ओसरीवर ते कानावर पडत आणि पुरत्या वाक्यासह पडत. हात धुऊन मागे लागणे कसे वापरावे, कोणता शब्द फिरवावा, हे कान शिकवून जात. जमा, खर्च, बाकी, वसूल ही फारसी-अरबी नाणी मराठीत अशी मुरली की 'जमेस धरणे' आणि 'खर्ची पडणे' हे आता कोणाला परके वाटत नाही.

इंग्रजीचे तसे झाले नाही. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, तरी सोनपेठच्या बाजारात ती मुलाच्या कानावर वाक्यांच्या रूपाने येत नाही. पाट्यांवर, औषधांच्या वेष्टनांवर, मोबाइलच्या पडद्यावर ती सुट्या शब्दांत दिसते. जी भाषा ऐकण्यापेक्षा अधिक पाहिली जाते, तिचे वाक्प्रचार वाक्यातून तोडून यादीत घालणे म्हणजे रोप उपटून त्याची मुळे मोजण्यासारखे आहे. मुलगा मराठीत कधी 'रामने कंबर कसणे' असे लिहीत नाही. 'वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न मराठीच्या तासाला तो हसत सोडवतो आणि 'रामने कंबर कसली' असे कंबरेच्या लिंगाप्रमाणे क्रियापद अचूक फिरवतो. तेच कौशल्य इंग्रजीच्या तासाला वर्गाबाहेर ठेवून येण्याचे त्याला कारण नाही.

जैन घरांतील मुलांजवळ तर याहून एक जुने उदाहरण आहे. क्षमापनेच्या दिवशी 'मिच्छा मि दुक्कडं' म्हणतात. प्राकृतातील हे तीन शब्द; माझे दुष्कृत मिथ्या होवो, असा त्यांचा अर्थ. त्यातील 'मि' म्हणजे माझे, एकट्याचे. परंतु दहा जणांचे कुटुंब एकत्र हात जोडून उभे राहिले, तरी तो 'मि' बदलत नाही. सगळेच्या सगळे वचन छापील आहे. रिकामी जागा त्यात नाही. ज्या मुलाला हे लहानपणापासून पाठ आहे, त्याला 'लूज हार्ट'मधील 'हार्ट' का बदलत नाही, हे वेगळे पटवून देण्याची गरज पडू नये.

भाषेतील असे काही नियमांच्या चिमटीत सापडत नाही, हे आचार्य हेमचंद्रांनी 12 व्या शतकातच ओळखले होते. सिद्धराज जयसिंहाच्या काळात त्यांनी 'सिद्धहेमशब्दानुशासन' रचले. त्यातील सात अध्याय संस्कृताचे आणि आठवा प्राकृतांचा. एवढे मोठे व्याकरण सिद्ध केल्यावरही काही शब्द बाहेरच राहिले. जे व्याकरणाने साधत नाहीत, संस्कृत कोशांत मिळत नाहीत आणि लक्षणेच्या बळावरही ज्यांचा अर्थ लावता येत नाही, अशा देशी शब्दांसाठी त्यांनी 'देशीनाममाला' हा वेगळा ग्रंथ केला. नियमात न बसणाऱ्याला त्यांनी चूक ठरवले नाही, त्याची स्वतंत्र नोंद ठेवली. जमाखर्चात न बसणारी रक्कम जशी उचंत खात्यावर टाकतात, तसेच हे, असे व्यापारी वाचकास वाटले तर त्यात वावगे नाही. मात्र हेमचंद्रांचे उचंत खाते आजही पंडितांच्या उपयोगी पडते.

अर्वाचीन काळात 1942 हे वर्ष या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे. त्या वर्षी पुण्यातून यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'चा पहिला विभाग निघाला. त्याच वर्षी, युद्धाच्या धामधुमीत, टोकियो येथे ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाने दोन सहकाऱ्यांसह तयार केलेला इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. हॉर्नबी 1924 पासून जपानमध्ये इंग्रजी शिकवीत होते. जपानी विद्यार्थ्यांचे दुखणे सोनपेठच्या विद्यार्थ्यापेक्षा निराळे नव्हते : शब्दाचा अर्थ येतो, वाक्य येत नाही. म्हणून त्यांनी अर्थाबरोबर शब्द वाक्यात कसा बसतो, क्रियापदामागून काय येते, कोणत्या नामाला अनेकवचन नाही, हेही नोंदवले. 1948 साली ऑक्सफर्डने तो कोश छापला. आज विद्यार्थ्यांसाठीचा ऑक्सफर्डचा जो जाडजूड कोश दुकानांत मिळतो, तो त्याचाच वंशज. त्यात वाक्प्रचार देताना 'वन्स' कोठे, 'समबडीज' कोठे, कंसात टाकता येण्याजोगा शब्द कोणता, हे सारे दाखवलेले असते आणि शेजारी पुरते वाक्य असते. गाइडपेक्षा त्याची किंमत जास्त हे खरे, पण घरातील तीन भावंडांना तो दहा वर्षे पुरतो. हा हिशेब गाइडच्या बाजूने कधीच जुळत नाही.

प्रयोग बदलण्याचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तेथे शिक्षकही अडखळतात. कर्तरी वाक्याचे पॅसिव्ह करा, असे म्हटले की मुले कशाचेही पॅसिव्ह करतात. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. पण 'द बकेट वॉज किक्ड बाय हिम' असे केले की मरण नाहीसे होते आणि खरीखुरी बादली लवंडते. उलट 'स्पिल द बीन्स', म्हणजे बिंग फोडणे, याचे 'द बीन्स वेअर स्पिल्ड' बिनधोक होते. हा भेद का पडतो, यावर जेफ्री नन्बर्ग, आयव्हन सॅग आणि टॉमस वॅसो या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी 1994 साली एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा : ज्या वाक्प्रचारात प्रत्येक शब्दाला अर्थाचा वाटा मिळालेला असतो, तो फिरवता येतो. 'बीन्स' म्हणजे गुपित आणि 'स्पिल' म्हणजे फोडणे, अशी वाटणी करता येते. बादली म्हणजे काय आणि लाथ म्हणजे काय, अशी वाटणी मात्र मरणाच्या वाक्प्रचारात करता येत नाही. मराठीत हे ताडून पाहावे. 'त्याचे बिंग फोडले गेले' कानाला खटकत नाही, कारण बिंग म्हणजे गुपितच. 'तिच्याकडून हाय खाल्ली गेली' मात्र ऐकणाऱ्याला हसू आणते. मराठीच्या कानाने हे क्षणात ओळखले. इंग्रजीत तेवढ्यासाठी कोशातील वाक्य पाहावे लागते, इतकेच.

नोकरीच्या परीक्षांत तर या बारकाव्यांवरच भर असतो. बँकांच्या भरतीसाठी होणाऱ्या परीक्षांत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग असतो. वाक्याचे तुकडे करून कोणत्या तुकड्यात चूक आहे, असे विचारणे ही तेथील जुनी रीत. त्यात 'कोप अप विथ' हमखास भेटते. 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ' यांच्या संगतीत राहून 'कोप'लाही 'अप' चिकटले आहे. खरे रूप 'कोप विथ' एवढेच. दुसरे तसेच मानकरी म्हणजे 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू'. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जाच्या शेवटी असते. येथला 'टू' हा 'टू गो', 'टू ईट' यांतील 'टू' नव्हे. तो शब्दयोगी अव्यय आहे, 'ची वाट पाहणे' यातील 'ची'सारखा. म्हणून त्यापुढे 'हिअरिंग' हवे. चूक आहे की नाही, याची कसोटी सोपी आहे : 'टू'च्या पुढे एखादे नाम ठेवून पाहावे. 'आय लुक फॉरवर्ड टू युअर लेटर' हे वाक्य उभे राहते. तेथे नाम चालते म्हणजे क्रियापदाला 'आयएनजी' लावावे लागणार. आणि 'बायहार्ट केले' हे मराठीत इतके रुळले आहे की मुले 'ही बायहार्टेड द पोएम' असेही बिनदिक्कत लिहितात. मराठीत ते चालू द्यावे. इंग्रजीत मात्र 'लर्न्ड द पोएम बाय हार्ट' असेच लिहावे लागेल.

जुन्या पिढीत द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' घरोघरी असे. तिची वाक्ये आज जुनाट वाटतील, पण तिची रीत जुनाट नाही : मराठी वाक्य घ्यावे, इंग्रजी करावे, परत मराठी करावे, आणि प्रत्येक पाठात पुरुष, काळ, वचन बदलत राहावे. सोनपेठमधील ज्या घरात इंग्रजी येणारे कोणी नाही, तेथेही हे करता येते. वहीच्या पानावर एकच वाक्प्रचार घ्यावा, कोशातील वाक्य उतरवावे, आणि त्याखाली 'आय', 'शी' व 'दे' यांची तीन वाक्ये लिहावीत, एक भूतकाळात, एक नकारार्थी. आठवड्याला पाच वाक्प्रचार धरले तरी शाळेच्या एका वर्षात दीडशेच्या पुढे होतात. तीनशेची यादी पाठ करण्यापेक्षा हे कमी दिसते खरे. पण ते वर्षभराने हाताशी राहते.

यादीतील पहिले पान मुलाच्या घरचे असावे. व्यापाऱ्याच्या मुलाला घोडे, जहाजे, क्रिकेट यांच्या वाक्प्रचारांपेक्षा हिशेबाच्या वहीतून निघालेले इंग्रजी वाक्प्रचार अधिक जवळचे. 'टेक इनटू अकाउंट' म्हणजे तर मराठीतील जमेस धरणेच. बाबी दहा असल्या तरी 'अकाउंट' एकवचनी. 'मेक एंड्स मीट' म्हणजे जमाखर्चाची तोंडमिळवणी करणे. दोन टोके जुळावयाची म्हणून 'एंड्स' नेहमी अनेकवचनी, आणि 'मीट' हा 'मेक'च्या मागे उभा असलेला मूळ धातू. भूतकाळ 'मेक'ने घ्यावयाचा, 'मीट'ने नाही. 'माय ग्रँडफादर मेड एंड्स मीट' बरोबर, 'मेट' चूक. 'इन द रेड' म्हणजे तोट्यात. तूट लाल शाईने लिहिण्याच्या रीतीतून हा प्रयोग आला. त्यातील 'द' गाळला की 'द शॉपकीपर इज इन रेड' म्हणजे दुकानदाराने लाल कपडे घातले आहेत. आणि 'टर्न ओव्हर अ न्यू लीफ', म्हणजे वागणुकीत सुधारणा करून नव्याने सुरुवात करणे. यातील 'लीफ' झाडाचे पान म्हणून वाचले तर वाक्प्रचाराचे चित्रच उभे राहत नाही. ते वहीचे पान आहे, दिवाळीला नव्या वहीचे पूजन करून उलटतात तसले. 'अ' आणि 'न्यू' दोन्ही छापील; पाच भाऊ एकाच दिवशी सुधारले तरी 'दे टर्न्ड ओव्हर अ न्यू लीफ', पान एकच.